बाबांच्या रेकॉर्डमधली दुसरी

धाकटी मुलगी त्या शनिवारी रेकॉर्ड-प्लेअरच्या दुकानात गेली ती एवढंच विचारायला, की जुनी रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची तर काय काय लागतं. रेकॉर्ड एकच होती. बाबांनी तरुणपणी हौसेने एका स्टुडिओत गायलेलं गाणं. बाबा जाऊन वर्ष उलटलं होतं आणि आईच्या मनाचा धागा हळूहळू सुटत चालला होता. तिच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. बाबांना शोधायला म्हणून दार उघडून ती थेट रस्त्यावर जायची. ओळखीचा आवाज ऐकवून बघा, असं डॉक्टर म्हणाले होते.

दुकानदाराने दोन वाटा सांगितल्या. एक सोपी, रेकॉर्ड वाजवायचा स्वस्तातला टर्नटेबल घ्यायचा, वायर थेट कॉम्प्युटरला जोडायची, की झालं. दुसरी खटाटोपाची. चांगला टर्नटेबल, हलकी सुई, आवाज वाढवणारा प्रीॲम्प आणि तो आवाज कॉम्प्युटरला कळेल असा करून देणारा आणखी एक डबा. एका गाण्यासाठी कुठे एवढा घाट घालायचा, म्हणून धाकटीने पहिली वाट धरली.

घरी गाणं उतरवून तिने आईला ऐकवलं. आवाज पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा, सूर किंचित चढा. आईने परक्यासारखं ऐकून घेतलं आणि विचारलं, हा माणूस कोण. धाकटीने टर्नटेबल बंद केला. ती पुन्हा दुकानात गेली.

या वेळी दुकानदार स्वतःच सगळं सामान घेऊन घरी आला. मितभाषी, प्रौढ माणूस. खिडकीपाशी त्याने मांडामांड केली, सुईचा भार जुळवला आणि सुई अलगद टेकवली. बाबा जणू खोलीतच येऊन बसले. आईचा चेहरा निवळला. "हे आले," ती म्हणाली.

मग शेवटच्या कडव्यात, बाबांच्या मागे, कुणी बाई गुणगुणताना ऐकू आली. लांबून, दाराशी उभं राहून गुणगुणावं तशी. दुकानदार म्हणाला, असेल कुणी स्टुडिओत, आधीच्या जाड सुईला ते टिपता आलं नसेल. पटण्यासारखं होतं. आई मात्र दाराकडे बघत राहिली. "दाराशीच आहे अजून," ती पुटपुटली.

त्या रात्री आई गाढ झोपली. कित्येक महिन्यांनी धाकटीही झोपली.

पण त्या दिवशी कॉम्प्युटरवर उतरवलेल्या कॉपीत खरखर फार होती. दोन दिवसांनी संध्याकाळी दुकानदार आणखी बारीक सुई घेऊन आला. रेकॉर्ड मऊ फडक्याने पुसून त्याने लावली. आता गुणगुणण्याने शेवटच्या कडव्याची वाट पाहिली नाही, ते पहिल्या ओळीपासूनच सुरू झालं. आणि ते दाराशी नव्हतं. बाबांच्या अगदी शेजारी होतं. दोन ओळींच्या मध्ये श्वास आत ओढल्याचं ऐकू येत होतं... एके ठिकाणी बाबा अडखळले. आधीच्या कॉपीत ते कुठेच अडखळले नव्हते.

दुकानदाराने सुई उचलली. बोटं पँटला पुसली.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "सुई बदलली की आवाज स्वच्छ होतो... जवळ येत नाही."

त्याने पुन्हा आधीची सुई लावून पाहिली. ती बाई आता तिथेही बाबांच्या शेजारीच होती. आपलं सामान तसंच टाकून तो निघून गेला. त्यानंतर त्याने फोनही उचलला नाही.

ती कोण, असं धाकटीने आईला विचारलं. आई चादरीची चुणी सारखी करत राहिली. मग म्हणाली, "यांनी बजावून ठेवलं होतं तिला, दाराशीच थांब म्हणून. आता हे नाहीत ना..."

धाकटीने सगळ्या कॉप्या पुसल्या आणि रेकॉर्ड कपाटात कुलूपबंद केली. आईची झोप पुन्हा उडाली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती चौकात सापडली, दोन्ही बाजूंनी गाड्या करकचून ब्रेक लावत होत्या आणि ही मधोमध उभी राहून बाबांना हाका मारत होती. धाकटीने तिला हाताला धरून घरी आणलं. तिच्यापुढे दुसरा इलाज राहिला नव्हता.

तिने रेकॉर्ड काढली. सुई ठेवली आणि भिंतीला पाठ टेकवून, दारावर नजर लावून बसली.

फक्त बाबा गात होते. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकटे, नितळ. मागे कुणी नव्हतं, शेजारीही कुणी नव्हतं. हेडफोन लावून, कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटणाऱ्या आवाजाच्या रेघांवर डोळे रोखून तिने गाणं पुन्हा ऐकलं. ओळींच्या मधल्या जागा कोऱ्या होत्या. तिच्या छातीवरचा दगड उतरला. स्वतःचंच तिला हसू आलं. कॉपी जपून ठेवून ती आईच्या खोलीत गेली.

आई झोपली होती, पण पलंगाच्या अगदी कडेला, भिंतीला चिकटून. बाकी सगळी जागा रिकामी, आणि आईच्या अंगावरचं पांघरूण त्या रिकाम्या जागेवर नीट पसरलेलं. तिला मध्ये सरकवावं म्हणून धाकटी वाकली, तशी आईने डोळे न उघडताच तिचं मनगट धरलं.

"हळू," ती कुजबुजली. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा... पाय बघ किती गार आहेत."