टोपलीत आलेलं शेवटचं पान

ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसावं. मी त्या खोलीत होते. ते पान मी माझ्या हातात धरलं होतं.

अलेक्झांड्रियातला मुहर्रम बेक भाग. डिसेंबर १९७४. दरवर्षी समुद्रावरून येणाऱ्या कासिमच्या वादळाचा पहिला दिवस, दुपारची वेळ.

गोष्ट माझ्या इनायातमावशीची आहे.

मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. आणि तिच्या नवऱ्याला, फिक्रीकाकांना, जन्मभर एकच वेड... कादंबरी लिहायची.

काका बंदरावरच्या एका गोदामात कारकून होते. तिथले रद्द झालेले छापील फॉर्म घरी आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहायचे. चौतीस वर्षं. रोज दुपारी पुदिन्याचा चहा झाला की ते दोनदा खाकरायचे आणि त्या दिवशीचं लिखाण मावशीला वाचून दाखवायचे.

कादंबरीत एक बाई होती. तिचा नवरा पाव आणायला खाली उतरतो. ती बाल्कनीतून दोराने टोपली खाली सोडून त्याची वाट बघत उभी राहते.

बस्स. चौतीस वर्षं ती तिथेच उभी.

"अहो, तो पाव आणायला गेलाय की हजला?" मावशी विचारायची.

"धीर धर गं. त्याला वर आणणं फार अवघड आहे."

"तीन मजले तर आहेत! मी रोज चढते, दुखऱ्या गुडघ्यांनी."

"तुझं वेगळं. तुला कुणी लिहीत नाही."

"म्हणूनच वेळेवर घरी पोचते!"

मग दोघं हसायचे. खालच्या बस्यूनीकाकांच्या दुकानातून कलिंगडाच्या भाजलेल्या बिया मागवायच्या. टोपली खाली जायची, वर यायची. कधी काका स्वतःच खाली असले, तर टोपली भरल्यावर दोराला दोन हिसके द्यायचे. बस्यूनीकाका नुसते ओरडायचे, "ओढा, वहिनी!" दोन हिसके म्हणजे फिक्रीकाका. दुसरं कुणी तसं करत नसे.

ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी काका चहा अर्धा टाकून उठले.

"इनायात, सापडला! शेवट सापडला!"

"मग बसा आणि सांगा."

"आधी जिना चढून बघतो. त्याला कुठे दम लागतो ते कळायला हवं ना. येताना बिया आणतो, मग अख्खा शेवट सांगतो."

"चौतीस वर्षं थांबले, आणखी पाच मिनिटं थांबते," मावशी म्हणाली.

काका गेले. तिने खालून परतणारी पावलं ऐकली. सपातांचा फटफट आवाज. पहिलं वळण... दुसरं वळण...

दोनदा खाकरले.

मग काहीच नाही.

मावशीने वरून हाक मारून काहीतरी म्हटलं. पावलं वर आली नाहीत. शेजाऱ्यांनी धावत जाऊन पाहिलं तेव्हा काका दुसऱ्या वळणावर भिंतीला टेकून बसले होते. हातात बियांची पुडी, अजून गरम.

आपण त्यांना काय म्हणालो होतो, ते मावशीने कुणालाच सांगितलं नाही. मलाही नाही.

त्यानंतर तिच्या हातून भलतंच झालं.

तीन दिवस शोकाला येणाऱ्या बायकांसाठी खोली मोकळी करायची होती. खाली भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली. कोपऱ्यात सुतळीने बांधलेले गठ्ठे होते. मावशीला वरच्या बाजूला छपाई दिसली. गोदामाचे जुने कागद असतील, असं वाटून तिने स्वतःच्या हातांनी एकेक गठ्ठा टोपलीत घालून खाली सोडला.

चौतीस वर्षं... पाच फेऱ्यांत खाली गेली.

संध्याकाळी मी आले. "मावशी, काकांची कादंबरी कुठाय?" विचारलं.

तिने रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि भंगारवाल्याला हाका मारत बाल्कनीत धावली.

भंगारवाला काही सापडला नाही. पण आठवड्याभराने बिया मागवल्या, तर पुडी फॉर्मच्या कागदाची! आतल्या बाजूने काकांचं अक्षर. बस्यूनीकाकांनी रद्दी विकत घेतली होती, त्यातच ते गठ्ठे होते. ते बिचारे हळहळले. अर्धेअधिक कागद आधीच गिऱ्हाइकांबरोबर गावभर गेले होते. उरलेले त्यांनी टोपलीत घालून वर पाठवले, आणि खाली जो दिसेल त्याला दटावू लागले, "पुड्या परत आणा रे! आत माणूस आहे!"

लोकांनी आणल्याही. तेलाचे डाग पडलेल्या, चुरगळलेल्या. न्हाव्याच्या बायकोने तर एक पान इस्त्री करून दिलं.

मी रोज वाचायची. मावशी डोळे मिटून ऐकायची. मी चुकले की पुढचा शब्द तीच सांगायची. सगळं तिला पाठ होतं. मला वाटायचं, ही टोमणे मारण्यातच गुंग असायची. पण एक शब्दही सांडलेला नव्हता तिच्याकडून.

"शेवट मिळाला का गं?" ती रोज विचारायची.

"मावशी, शेवट त्यांनी लिहिलाच नव्हता."

"आधी जिना चढून बघायचा होता त्यांना," ती म्हणायची आणि तोंड फिरवायची.

मग काकांना जाऊन चाळिसावा दिवस आला, शोकाचा शेवटचा. आणि कासिमचं वादळ.

बायका येणार होत्या, वादळामुळे एकही आली नाही. शोकाची बिनसाखरेची कॉफी भांड्यातच गार झाली. रस्ता रिकामा. ट्राम बंद. बस्यूनीकाकांच्या दुकानाला कुलूप, ते स्वतः रोझेटाला मुलीकडे गेलेले.

टोपली सकाळपासून खालीच लोंबत होती. आत ओढून घ्यायचं आम्ही विसरलो होतो.

अचानक वारा थांबला.

पाऊस थांबला नाही. दिसत होता... पण त्याचा आवाज येत नव्हता.

आणि कठडा कुरकुरला.

दोराला एक हिसका...

मग दुसरा.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको, मावशी.

ती उठली, बाल्कनीत गेली आणि दोर ओढू लागली. खाली कुणी नव्हतं. मी वाकून पाहिलं, शपथेवर सांगते, कुणीच नव्हतं.

टोपली निथळत होती. आत एक पुडी होती.

कोरडी. आणि गरम.

मावशीने बिया ओच्यात ओतल्या आणि कागद माझ्याकडे दिला. "वाच."

अक्षर काकांचंच. शाई ओली. माझ्या अंगठ्याला लागली. मी वाचू लागले.

नवरा पाव घेऊन परत येतो. जिना चढतो. पहिलं वळण. दुसऱ्या वळणावर त्याला दम लागतो, तो भिंतीला टेकतो. तेवढ्यात वरून बायको हाक मारते...

"'अहो, येताय की तिथेच संसार मांडताय?'"

मावशीच्या तोंडून विचित्र आवाज निघाला.

"हेच म्हणाले होते मी," ती पुटपुटली. "हेच. आणि हसले होते गं मी..."

पानावर आणखी एकच ओळ होती.

"'आलो,' तो म्हणाला. 'तू फक्त दार उघडं'"

वाक्य तिथेच तुटलं होतं. त्यापुढे कोरं.

आणि जिन्यात... सपाता वाजल्या. फट... फट... पहिलं वळण. दुसरं वळण.

दोनदा खाकरल्याचा आवाज.

मावशीने धावत जाऊन दार सताड उघडलं. जिना रिकामा होता. त्याच क्षणी वारा पुन्हा सुटला, पावसाचा आवाज परत आला, आणि ती उंबऱ्यात उभी राहून ओरडत राहिली, "अहो, या ना! या ना आता!"

पण 'अहो, येताय की...' हे वाक्य तिने काही पुन्हा म्हटलं नाही. तिच्या ओठांवर येत होतं, मी पाहत होते. तिला ते म्हणवलंच नाही.

पुढे सहा वर्षं रोज दुपारी त्या घराचं दार उघडं असायचं. मांजरं यायची. शेजारणी थट्टा करायच्या, "इनायात, चोरांना जेवायला बोलावलंयस का?" ती हसायची आणि दोन पेले चहा ओतायची.

काका आले नाहीत. मावशी वारली ती माझ्या आईच्या घरी, एका उन्हाळ्यात, त्या जिन्यापासून लांब.

आता त्या घरात मी राहते. टोपली टाकून दिली, दोरही काढला. ते पान कपाटात आहे. शाई वाळली आहे.

पण दर डिसेंबरात कासिमचं वादळ येतं. एका दुपारी वाऱ्याचा आवाज बंद होतो. दोर नसलेला कठडा कुरकुरतो... दोनदा. मग सपाता वाजतात. पहिलं वळण. दुसरं वळण. कुणीतरी खाकरतं...

आणि थांबतं. कुणाच्या तरी हाकेची वाट बघत.

मी दाराशी जाते. कडीवर हात ठेवते. मावशीचं ते वाक्य मला पाठ आहे. कितीदा ओठांवर आलंय.

पण आवाज माझा असेल.

तिचा नाही.