हिर्डोशीच्या खळ्यातलं यंत्र

कंदिलाची वात जरा खाली करा, डोळ्यांत येते. बसा, पान घ्या. तुम्ही तरणी पोरं असल्या गोष्टींना हसता, म्हणून आधीच सांगतो, हे माझ्यावर गुदरलेलं नाही. माझी छातीच तेवढी नाही. ज्यांच्यावर गुदरलं ते सावळाराम शेठ. भोरच्या पेठेत माझ्या दुकानाला लागून त्यांचं दुकान, तांदूळ-नाचणीचं. बोलायला गोड, व्यवहाराला चोख, आणि एकदा डोक्यात घेतलं की कुणाच्या बापाचं न ऐकणारा माणूस.

एकोणचाळीस साली नीरेच्या कालव्याकडं एका उसाच्या मळ्याचा लिलाव झाला. बाकीचे व्यापारी गुळाच्या ढेपा बघत बसले. शेठ मात्र एक जुना ट्रॅक्टर आणि त्याच्या मागं जोडायचं विलायती मळणीयंत्र घेऊन आले. ट्रॅक्टर लोखंडी चाकांचा, मागच्या चाकांना वीतभर दात. मळणीयंत्र म्हणजे चाकांवरची लाकडी खोलीच. वरून पेंढ्या टाकायच्या, एकीकडून दाणा पडणार, दुसरीकडून पेंढ्याचा चुरा. दोन वर्षं ते धूड वखारीमागं नुसतं उभं. पेठेतले आनंदराव सराफ रोज येता-जाता विचारायचे, "काय सावळाराम, खोली भाड्यानं देणार का? छप्पर बरं दिसतंय."

शेठ हसायचे, पण आत जळायचे. एकदा भर पेठेत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "या कार्तिकात एका रात्रीत एक अख्खं खळं मळून दाखवतो. नाही दाखवलं तर यंत्र भंगारात, आणि या पेठेत पुन्हा तोंड वर करून बोलणार नाही."

झालं. माणूस आपल्याच शब्दात अडकला.

त्या साली वरंध घाटाकडच्या गावांत लाळ्या-खुरकत आली. बैलांचे खूर सडले, जनावर उभं राहीना. गावातली पोरं मुंबईला गिरणीत, काही पलटणीत. हिर्डोशीच्या कोंडिबांचं भाताचं खळं रस्त्याच्या कडेला होतं. तीन भावकींचं भात तिथं पेंढ्यांची उडवी रचून पडलेलं, झोडायला हात नाहीत, तुडवायला बैल नाहीत, आणि वर आभाळ गच्च. पाऊस आला असता तर उडवीतच कोंब फुटले असते. कोंडिबांनी निरोप धाडला, शेट, तुमचं यंत्र आणा.

शेठना आभाळ ठेंगणं झालं. इस्माईल मिस्त्रीला बरोबर घेतलं. हा भोरचाच, मोटारींची कामं करणारा, हाताला गुण असलेला माणूस. दोन दिवस धडधडत ट्रॅक्टर हिर्डोशीला पोचला. वाटेत एकदाही बंद पडला नाही. तो दिवस कार्तिक वद्य द्वादशी, शनिवार, साल एकेचाळीस. अमावास्येला अजून तीन दिवस होते, तेव्हा तो हिशेब लावू नका.

आता खळं कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सारवलेली गोल जमीन, मधोमध मेढ पुरलेली. मेढीला बैल जुंपून गोल फिरवायचे, ती पात. यंत्राचं तसं नसतं. खळ्याच्या एका कडेला मळणीयंत्र, समोरच्या कडेला ट्रॅक्टर, आणि दोघांच्या मधून कातड्याचा लांबलचक पट्टा. तो पट्टा बरोबर मेढीवर घासायला लागला.

"मेढ काढा," शेठ म्हणाले.

कोंडिबांनी मेढीवर हात ठेवला. मग म्हणाले, "रास उचलल्याबिगर मेढ काढत न्हाईत, शेट."

"आबा, लोखंडाला मेढ कशाला? बैल कुठं फिरवायचेत?"

"आवो, ही गेनूनं पुरलेली हाय. माजा धाकला भाऊ. तीन वर्सांमागं पात हाकता हाकताच खाली बसला, तो उठलाच न्हाई. पात आर्धीच ऱ्हायली त्याची. तवापासनं मेढ तशीच ठिवलीया. त्यानं पुरली, त्यानंच काढायची."

"मग पट्टा आभाळातनं नेऊ का?"

कोंडिबांच्या घरच्या साळूबाई भाकरी घेऊन आल्या होत्या. पदर सावरत म्हणाल्या, "यंत्र लई शाणं म्हनं. मग मेढीला वळसा घालून चालंना व्हय?"

माणसं हसली. शेठच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी पहार मागितली, स्वतः मेढ हलवली आणि उपटली. ट्रॅक्टर मागं सरकू नये म्हणून चाकाखाली उटी लागत होती, ती याच मेढीची लावली. कोंडिबांनी ते पाहिलं, खाली मान घातली आणि घराकडं निघून गेले.

दिवेलागणीला इस्माईलनं हँडल मारलं. ट्रॅक्टर गप्प.

पुन्हा मारलं. गप्प. प्लग काढले, पुसले, तोंडानं फुंकले. गप्प. दोन दिवस जे इंजिन गाणं म्हणत आलं ते आता खोकेना सुद्धा. गावकरी तासभर बसले, विड्या ओढल्या, शेरे मारले. कुणी म्हणालं, "दमलं आसंल, च्या पाजा त्याला." कुणी म्हणालं, "नारळ फोडला का?" नारळ फोडला. खोबरं लोकांनी खाल्लं, यंत्र तसंच. नऊच्या सुमारास आभाळात एकदा गुरगुरलं, तसे सगळे उठून घरी गेले.

"शेट, पेट्रोल उडालंय," इस्माईल म्हणाला. "सुरू करायला पेट्रोलच लागतं, मग रॉकेलवर चालतं. बाटलीचं बूच ढिलं ऱ्हायलं. माझीच चूक."

पेट्रोल त्या वेळी नुकतंच कुपनावर आलेलं. पण घाटाच्या बाजूला चार-पाच मैलांवर बंगल्यात ओव्हरसियरची मोटार होती, आणि तिचा ड्रायव्हर इस्माईलच्या ओळखीचा.

"जाऊन येतो. फटफटायच्या आत. तुमी यकटे ऱ्हाल ना?"

"मला काय खातंय इथं? जा तू."

इस्माईल गेला. त्याच्या वहाणांचा आवाज बराच वेळ रस्त्यावर ऐकू येत होता. मग तोही गेला.

शेठ एकटे. एक कंदील, ती उडवी, आणि यंत्र.

माणूस स्वस्थ बसणारा नव्हता. उठून हँडलला हात घातला. दहा वेळा मारलं, वीस वेळा मारलं. एकविसाव्याला हँडल उलटं फिरलं आणि मनगटावर असं बसलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले. शेठनी ट्रॅक्टरला लाथ घातली. लागली ती पायालाच. मग त्यांनी त्या लोखंडाला अशा शिव्या दिल्या की त्या मी तुमच्यापुढं सांगू शकत नाही. मनगट धरून खळ्यातच बसले. सकाळी आनंदरावाचं तोंड कसं दिसेल ते त्यांना आत्तापासूनच दिसत होतं.

साडेअकरा झाले असतील. खिशातलं घड्याळ त्यांनी नुकतंच पाहिलं होतं.

उडवीच्या पलीकडून आवाज आला.

"होऽऽ..."

बैल हाकताना माणूस घशातल्या घशात काढतो तसा. हळू, सवयीचा.

शेठना वाटलं, कोंडिबा आले. बरं वाटलं त्यांना. म्हणाले, "आबा, या. यंत्र काही ऐकत नाही माझं."

उडवीमागून कुणी पुढं आलं नाही.

"आबा?"

पेंढा दबल्याचा आवाज. चर्र... चर्र... चर्र. पावलं, पण दोन पायांची नव्हेत. जड, बरीच, एका लयीत. उडवीकडून निघून डाव्या अंगानं आली आणि शेठच्या पाठीमागून गेली.

शेठनी कंदील वर केला.

काही नाही.

आवाज समोर गेला. जिथं ट्रॅक्टर उभा होता तिथं. आता थांबेल, वळसा घालेल, असं त्यांना वाटलं. वाटेत साठ मणांचं लोखंड होतं.

आवाज थांबला नाही. वळला नाही. ट्रॅक्टरच्या जागेवरून तसाच पुढं गेला.

"होऽऽ..."

दुसरा फेरा.

शेठ धडपडत उठले. त्यांना एकच सुचलं, यंत्र सुरू करायचं. इंजिन धडधडलं की हे ऐकू येणार नाही. सुजल्या हातानं हँडल मारलं. मारलं. पुन्हा मारलं. एकदा आत काहीतरी फुरफुरलं... आणि विझलं. "अरे चाल ना मुडद्या, आज तरी चाल!" शेठ रडकुंडीला आले. दोन वर्षांत त्या यंत्राकडं त्यांनी एवढ्या कळवळ्यानं काही मागितलं नव्हतं.

यंत्र गप्प.

तिसरा फेरा आला. पाठीमागून.

आणि थांबला.

अगदी मागं. मानेवर ऊब जाणवली. गवत खाल्लेल्या तोंडाचा वास... जनावर नाकातून सोडतं तसा श्वास. एकदा. दोनदा.



शेठना वळवेना. किती वेळ गेला ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. मग हळूहळू ध्यानात आलं, की हे आपल्याला धरायला आलेलं नाही. हे वाट बघतंय.

आपण वाटेत उभे आहोत.

शेठ एक पाऊल बाजूला सरले. दुसरं. तिसरं. खळ्याच्या बाहेर आले.

"होऽऽ..."

पात पुढं निघाली.

मग ते बांधावर बसले, गुडघ्यांत डोकं घालून. कंदील केव्हा गेला कळलं नाही. फेरे मोजले नाहीत. पहाटे कोंबडा आरवला आणि आवाज निमाला. पाऊस पडलाच नाही.

उजाडता उजाडता इस्माईल बाटली घेऊन आला तो लांबूनच ओरडला, "शेट! चालू झालं का काय?"

शेठनी मान वर केली. उडवी जागेवर नव्हती. मळलेला पेंढा एका अंगाला पडला होता आणि त्याच्या शेजारी भाताची रास. माणसाच्या छातीएवढी.

गाव लोटलं. कुणी शेठच्या पाया पडायला लागलं, कुणी ट्रॅक्टरवरून हात फिरवला. शिरगावचा एक जण तिथंच म्हणाला, "परवा आमच्या खळ्यावर आना."

शेठ म्हणाले, "अरे, यंत्र चाललंच नाही."

माणसं हसली. "शेटनी भाव वाढवला!"

"खरंच सांगतोय. एक फेरा फिरलं नाही ते."

"मंग काय तुमी पायानं तुडवलं एका रात्रीत?"

पुन्हा हशा. आता बघा, ज्या एका वाक्यासाठी हा माणूस दोन वर्षं तळमळला ते वाक्य लोक त्याच्या तोंडात कोंबत होते, आणि त्याला ते गिळवत नव्हतं.

कोंडिबा एकटेच हसत नव्हते. ते पेंढ्यापाशी वाकले. एक काडी उचलली, दोन्ही टोकांनी धरून पाहिली. हातभर लांब, अखंड. यंत्राचा पेंढा चुरा होऊन पडतो, हे इस्माईलनं त्यांना आदल्या दिवशी स्वतः सांगितलेलं. कोंडिबांनी काडी शेठच्या हातात दिली.

"हाक ऐकली तुमी?" हळूच विचारलं.

शेठनी होकाराची मान हलवली.

"दमलेली व्हती का?"

"...नाही. दमलेली नव्हती."

कोंडिबांनी डोळे पुसले. रास मापून उचलली, तेव्हा ट्रॅक्टरच्या चाकाखालची मेढ त्यांनी स्वतः ओढून काढली आणि घरी नेली. तिच्या जागी चाकाखाली दगड लावला.

पेठेत आनंदरावांनी शेठना मिठीच मारली. "जिंकलास गड्या!" म्हणाले. शेठनी त्यांनाही सांगितलं, चाललं नाही. आनंदराव म्हणाले, "विनय बघा माणसाचा." त्या कार्तिकात अकरा गावांची बोलावणी आली. शेठ एकालाही गेले नाहीत. हातात आलेलं नाव नाकारल्याबद्दल पेठेनं त्यांना जेवढं वेडं ठरवलं तेवढं यंत्र आणल्याबद्दलही ठरवलं नव्हतं.

ट्रॅक्टर मात्र आणावा लागणारच होता. इस्माईलनं पेट्रोल घालून पाहिलं, सगळं खोलून पाहिलं, तो काही सुरू झाला नाही. आठ दिवसांनी तीस माणसं आणि दोर घेऊन शेठ हिर्डोशीला गेले. एकही जनावर बरोबर नव्हतं, हे नीट ऐका. माणसांनीच ओढला. पहिल्या हिसक्याला चाक करकरलं, दुसऱ्याला हललं, तिसऱ्याला जागेवरून सरकलं.

आणि दोर ओढणारी माणसं एकदम थांबली.

चाक ज्या जागी आठ दिवस उभं होतं तिथं सारवलेल्या जमिनीत त्याच्या दातांची खूण उमटलेली होती. खोल, साफ.

त्या खुणेच्या आत, तिच्यावर, बैलाचा खूर उमटला होता.