उजवीकडे ओढणारी मोटार

"उपाशी मरेन, पण माफी मागणार नाही," रामदास म्हणाला.

खासगी गुप्तहेर कमलाकांत धुरंधरच्या गिरगावातल्या खोलीत हा ड्रायव्हर ताठ उभा होता. परळच्या सभेत त्यानं ब्रेक दाबला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रचाराची मोटार उजवीकडे ओढत थेट व्यासपीठावर गेली. कुणी मेलं नाही, नशीब. पण मालक मनमोहन वकिलांनी भर गल्लीत त्याला 'विकला गेलेला' म्हटलं. माफी माग, नाहीतर नोकरी सोड, असा हुकूम होता.

'मागून टाकावी की, काय बिघडतं?' कमलाकांतचा मित्र हेरंब मनात म्हणाला.

मिस्त्री शिवानं वकिलांच्या आवारात मोटार भिंतीपासून पुढे ओढून पुढची दोन्ही चाकं उतरवली होती.

"ब्रेकचे लायनर, आतल्या घासपट्ट्या, मागे दोन्हीकडे मीच एकदम बदलले होते. उजवा पार झिजलाय, डावा जवळपास नवा. वर तेलकट."

"ब्रेकचं तेल गळतंय?" कमलाकांतनं विचारलं.

"थेंबभर नाही."

"मग घातपातच," हेरंब म्हणाला. मोटारीच्या जागेवर, भिंतीपासून दूरच्या बाजूला काळा डाग होता, त्यात काळे उडीद. "आणि इथे उंदरांनी कुणाची तरी पिशवी फोडलेली दिसते."

"गाडीला याच्याशिवाय हात कोण लावतो?" वकील रामदासकडे बोट दाखवत कडाडले.

"नेहमी उजवी बाजू भिंतीला चिकटवूनच लावता?" कमलाकांतनं विचारलं.

"जागाच तेवढी आहे."

वकिलांच्या आई कमलाबाई ओट्यावर गुडघे चोळत बसल्या होत्या. "चळवळीची गाडी, पोलीस टपलेले. मी मारुतीचा शनिवार कधी चुकवला नाही. हल्ली देऊळ गाठवत नाही, एवढंच."

कमलाकांतनं डाव्या लायनरवर बोट फिरवून हुंगलं.

"हेरंब, शनिवारी मारुतीला काय वाहतात?"

"तेल आणि उडीद," म्हणता म्हणता हेरंबनं डागातल्या उडदांकडे पाहिलं.

"हे तिळाचं तेल आहे. देऊळ दूर पडलं, म्हणून आजी दर शनिवारी चाकालाच वाहतात. उजवं भिंतीकडे, म्हणून वाट्याला आलं डावं. तेल चाकाच्या आतल्या ब्रेकच्या ड्रममध्ये झिरपलं, डावा ब्रेक धरेना. सगळा भार उजव्यावर. तोच झिजला आणि मोटारही तिकडेच ओढली. शिवा, ड्रम धू आणि लायनर जोडीनं बदल."

"गाडी सुखरूप राहावी म्हणून रे," कमलाबाई पुटपुटल्या.

वकिलांनी घसा खाकरला. "झालं गेलं विसर, रामदास. आत ये, चहा घे."

रामदास जागचा हलला नाही. "गल्लीत बोललात, साहेब. गल्लीतच परत घ्या."

वकिलांचा चेहरा लाल झाला. हेरंबला मात्र पहिल्यांदाच तो ताठा आवडला.

कमलाबाई भिंत धरून उठल्या. "मन्या, चपला घाल. तेल माझं, जीभ तुझी. दोघंही जाऊ."