टिटवीशेजारचा हद्दीचा दगड

देगलूरजवळच्या एका रानात शिवशंकरनं मोजणीचं यंत्र खांद्यावरून उतरवलं, तोच एक मुलगी हात पसरून आडवी आली.

"साहेब, थांबा! पुढं पाऊल टाकू नका."

मोजणीवाला माणूस शिव्या खायला तयारच असतो हो! पण ही शिव्या देत नव्हती... बोटानं दाखवत होती. हद्दीच्या दगडाला लागून टिटवीची चार अंडी. सगळं रान नांगरलेलं, आणि त्यांच्याभोवती खाटेएवढी जागा तशीच सोडलेली.

"नांगर तुम्ही वळवला?"

"मग काय टिटवीनं वळवला?"

शिवशंकर हसला. एरवी गावोगाव तो सगळ्यांना ताई-मावशी म्हणायचा, आज मात्र जीभ अडली.

तिचं नाव ऋतुजा. तिनं खोदायला घेतलेली विहीर आपल्या रानात आलीय, असं बांधावर येऊन उभे राहिलेले शेजारचे मलप्पाकाका म्हणत होते. आज मोजणी झाली नाही तर पुढची तारीख थेट दिवाळीनंतर, आणि तोवर विहिरीचं काम बंद.

"दगडावर यंत्राची काठी सरळ उभी धरावी लागते," तो म्हणाला. "म्हणजे अंड्यांपाशीच उभं राहावं लागेल. जरा सरकवू का?"

"न्हाई. हात लागला की टिटवी अंडी सोडून जाईल. राहू द्या मोजणी."

विहिरीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. झालं... शिवशंकर तिथंच कामातून गेला!

मग त्याला आठवलं. हे नवं यंत्र काठी तिरकी धरली तरी चालवून घेतं. ती किती कललीय ते स्वतःच ओळखून टोकाखालची जागा बरोबर सांगतं. त्याचा मात्र आजवर त्यावर विश्वास बसला नव्हता. यंत्र तयार करायला तो काठी पुढंमागं हलवत चालू लागला.

"अंगात आलं का साहेब?" ऋतुजा खुदकन हसली.

"येऊ द्या... आज गरज आहे."

लांब उभं राहून त्यानं काठी कलती केली, टोक अलगद दगडावर टेकवलं. टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. आकडा त्याला दोनदा वाचावा लागला — टिटवीमुळं की शेजारच्या दोन डोळ्यांमुळं, कोण जाणे! तीन बाजूंनी तीनदा मोजलं. तिन्ही आकडे बोटभर फरकानं जुळले. मग विहीर मोजली.

"तीन हात आत. तुमच्याच रानात."

मलप्पाकाकांनी स्क्रीन निरखली, टोपी सारखी केली. "हाव, पोरीचीच हाय मग," म्हणाले आणि घराकडं निघाले.

ऋतुजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "लई उपकार झाले साहेब. विहीरबी राहिली, अन् अंडीबी. कसे फेडू?"

"उपकार तर माझ्यावर झाले. चार वर्षं रानं मोजतोय. जो तो वीतभर जास्तच मागतो... सोडून देणारं कुणी भेटलंच नव्हतं." त्यानं यंत्र खाली ठेवलं. "तुम्ही मला फार आवडलात. राग आला तर सांगा."

तिनं डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "रविवारी जेवायला येता का?"

"येतो की! एकटाच तर असतो इथं."

"एकटे नका येऊ," ती म्हणाली. "आई-वडलांना घेऊन या."