विजूताई, बाळ झोपत नाहीये

ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरात घडली आहे. आणि मी हे लिहितेय तेव्हाही ती संपलेली नाही.

पटली नाही तर सोडून द्या. मलाही सोडून द्यायला आवडलं असतं.

जागा थेरगाव. डांगे चौकातून आत गेलं की बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरचं घर. ऑगस्टमधला मंगळवार होता.

वेळ रात्रीची नाही. भर दुपारची.

माझा भाऊ निरंजनदादा चाकणच्या एका कंपनीत आहे. कित्येक वर्षं तिसऱ्या शिफ्टला. सकाळी कंपनीची बस चौकात सोडते, तो घरी येतो, दोन घास खातो आणि पडदे ओढून झोपतो. त्याची रात्र दुपारी असते.

विजयश्रीवहिनी एका प्रसूतिगृहात नर्स होती. मूळची लातूरकडची. रडून लालेलाल झालेलं पोरही तिच्या खांद्यावर गेलं की गप्प व्हायचं.

त्या दोघांना मूल झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले. शेवटी दोघांनी तो विषय घरात काढायचाच नाही असं ठरवलं.

त्याच सुमारास वहिनी इंटरनेटवरच्या एका फोरमवर लिहायला लागली. नुकत्याच आई झालेल्या बायकांचा मराठी फोरम. कुणाचं बाळ दूध ओढत नाही, कुणाचं दिवसभर रडतं, कुणी स्वतःच रडत असते. वहिनी तिथे ‘विजूताई’ होती. ड्यूटीवरून आली की चपला काढता काढता उत्तरं लिहायची.

दादा म्हणायचा, अगं जरा बस तरी.

ती म्हणायची, “पोरगी एकटी हाय बिचारी. एवढं सांगते आन् पाठ टेकते.”

पाठ टेकायची राहूनच जायची.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीलाच वहिनी डेंग्यूने गेली. ताप आला, ताप आला म्हणेपर्यंत गेली. तेरावा झाला आणि दादा कामावर जायला लागला. दुसरं करणार काय?

त्या मंगळवारी त्याचा नुकताच डोळा लागला होता.

आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला…

थप… थप… थप…

हलक्या हाताने. एका लयीत. कुणीतरी बाळ थोपटत असल्यासारखा.

त्याला वाटलं, शेजारी असेल. तो कूस बदलून झोपला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग एक दिवस गेला आणि पुन्हा. शेजारी कुणाकडे लहान मूल नव्हतं. वरच्या मजल्याला तर कुलूप होतं.

एका दुपारी तो झोपलाच नाही. पलंगावर नुसता बसून राहिला. वहिनीचा मोबाइल त्याने चालू ठेवला होता, गॅसचं बुकिंग त्या नंबरवर होतं म्हणून. तो मोबाइल टेबलावर वाजला.

फोरमवरून आलेला निरोप. कुणीतरी लिहिलं होतं, ‘विजूताई, बाळ झोपत नाहीये. काय करू?’

दादा ते वाचतोय तोवर बाहेर चटई सरकली…

गुडघे कडकन वाजले. वहिनीचे वाजायचे तसेच.

मग थप… थप… थप…

तो दारापर्यंत गेला. खोली रिकामी. चटई मात्र भिंतीपासून पुढे आलेली.

“विजू,” तो म्हणाला.

आवाज थांबला.

इतका वेळ थांबला की दादाला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल.

एक उसासा आला. दमलेल्या माणसाचा. आणि थोपटणं पुन्हा सुरू झालं.

फोरमवरच्या बऱ्याच जणींना ती गेल्याचं माहीतच नव्हतं. तिची जुनी उत्तरं वाचायच्या, खाली तिचं नाव घेऊन विचारायच्या. आणि ज्या ज्या वेळी कुणी विचारायचं, त्या त्या वेळी ती उठायची. दिवसातून कितीदा, याचा हिशेब दादाने ठेवला नाही. ठेववलाच नाही.

वहिनीची थोरली बहीण सुमनताई तळेगावला असते. दादाने तिला बोलावून घेतलं. का ते सांगितलं नाही. ती दुपारभर बाहेरच्या खोलीत बसली. संध्याकाळी तोंड धुऊन आली तेव्हा डोळे सुजले होते.

“निरंजनराव,” ती म्हणाली, “जिती असताना कुणी बसू दिलं न्हाई तिला. मेल्यावर तरी बसू द्या. ते सगळं पुसून टाका.”

दादा पुसायला बसला, तर तिथे खातं बंद करायची सोयच नव्हती. लिहिलेलं काढायची पण नाही.

मग त्याने फोरम चालवणाऱ्या बाईंना गाठलं. मृदुला नाव. आयटीत नोकरी आणि उरल्या वेळात हा फोरम, पदरमोड करून. पिंपरीत राहतात. माणूस चांगलं होतं. वहिनीचं ऐकून त्या रडल्या. पण लिहिलेलं काढायला तयार होईनात.

त्यांचं म्हणणं, एकेका उत्तरावर शेकडो बायकांनी बाळं वाढवली आहेत. ते काढलं तर खाली नुसते प्रश्न उरतील. अडलेल्या बाईने तिथे येऊन काय वाचायचं? एकदा लिहिलेलं ते सगळ्यांचं होतं.

दादाने अखेर थोपटण्याचं सांगितलं. कुणी हसलं असतं तर बरं, असं त्याला वाटत होतं.

त्या हसल्या नाहीत. हातातला चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. मग म्हणाल्या, “दादा, एक विचारू? ताईंनी स्वतः कधी काढायला सांगितलं असतं का हो?”

तिने सांगितलं नसतं, हे दोघांनाही कळत होतं.

शेवटी मधला मार्ग निघाला. लिहिलेलं राहील, नाव जाईल. ‘विजूताई’ जिथे जिथे आहे तिथे ‘माजी सदस्य’ येईल. मग कुणाला तिला हाक मारता येणार नाही. दादाने हो म्हटलं.

त्याच संध्याकाळी नाव निघालं.

दुसऱ्या दुपारी… काहीच नाही.

तिसऱ्या दुपारी पण नाही. दादा कित्येक आठवड्यांनी गाढ झोपला. बसली एकदाची, असं तो सुमनताईला फोनवर म्हणाला.

पण पुढे पुढे ती शांतताच त्याला झोपू देईना. घर नुसतं बंद गोदामासारखं. तो चटईपाशी जाऊन हळूच हाक मारायचा, “विजू…”

ना उसासा, ना गुडघ्याचा आवाज. काही म्हणजे काही नाही.

मग तो फोरम वाचत बसायला लागला. तिचंच लिहिणं, फक्त वर नाव नाही.

तिथेच एका बाईचं लिहिलेलं त्याला दिसलं. मोशीची होती. तिने विचारलं होतं, बाळ झोपत नाहीये, कुणी सांगेल का? त्यावर अजून कुणाचं उत्तर आलं नव्हतं. थोड्या वेळाने तिनेच खाली लिहिलं होतं…

‘झोपलं. कुणीतरी शेजारी बसून थोपटत होतं. मी घाबरले नाही. कोण तुम्ही, असं विचारलं. त्यांना सांगता आलं नाही. खूप दमलेल्या वाटल्या.’

दादाने ते किती वेळा वाचलं देव जाणे.

म्हणजे ती बसली नव्हती. आता ती कुणाच्याही दारात जात होती. नाव नव्हतं, तर घरही नव्हतं. फक्त त्याच्याकडे यायचं काही कारण उरलं नव्हतं.

मग त्याने जे केलं, त्याबद्दल मी त्याला दोष देऊ शकत नाही.

त्याने दुसऱ्या नावाने खातं उघडलं. आणि दुपारी पलंगावर पडून लिहिलं, ‘बाळ झोपत नाहीये. थेरगाव.’

मोबाइल छातीवर ठेवून तो वाट बघत राहिला.

चटई सरकली…

पावलं आतल्या खोलीत आली. पलंगाची कड दबली. त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर चादरीला खळगा पडला.

थप…

एकदाच.

“विजू,” तो म्हणाला. “अगं, मी आहे.”

ती थांबली नाही. त्या नावाचं तिला काही वाटलंच नाही.

हात चादरीवरून फिरायला लागला. चाचपत. उशीखाली, गोधडीखाली. मग कपाटाचं दार उघडलं. मग स्वयंपाकघरातले डबे हलले…

तेव्हा त्याला कळलं.

ती बाळ शोधत होती.

त्या दिवसापासून ती गेली नाही. रोज दुपारी शोधते. आधी सावकाश, मग घाईने. हरवल्यासारखी.

दादाने तातडीने मृदुलाताईंना फोन केला, माझा प्रश्न काढून टाका म्हणून. त्यांनी पाहिलं. त्यावर कितीतरी जणींची उत्तरं आली होती. उत्तरं आली की प्रश्न काढता येत नाही, असा नियम. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, हवं तर तुमचं नाव काढते.

सुमनताई म्हणाली, तिथं खाली खरं लिहा. आमच्याकडे बाळ नाही, एवढंच. वाचून जाईल ती.

दादाने ते टाइप केलं.

पाठवायला अंगठा नेला. आणि नेमकी तेव्हाच बाहेर चटईवर ती दमून बसल्याचा आवाज आला. आशेने वाट बघत बसावं तशी.

‘बाळ नाही’, हेच वेगवेगळ्या दवाखान्यांत त्या दोघांनी ऐकलं होतं. तिच्या हातात पुन्हा तेच ठेवायला त्याचा अंगठा धजेना. त्याने सगळं खोडलं.

प्रश्न अजून तिथेच आहे. शोधलात तर सापडेल. कृपा करून शोधू नका.

मला गेल्या महिन्यात मुलगी झाली. बारशाला दादा आला होता. अर्धा झालाय. त्याने पोरीला मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. निघताना दारात थांबून मला हळूच म्हणाला, “एकदा दुपारी हिला घेऊन घरी ये ना. थोडाच वेळ. ती थोपटेल, ही झोपेल… मग ती जाईल.”

मी बघते म्हणाले.

आईला सांगितलं तर आई म्हणाली, जा की, विजूच तर आहे.

पण ती विजूच आहे का, हे आता कुणी सांगू शकत नाही. तिला स्वतःलाही नाही. आणि एवढं शोधून हाती आलेलं बाळ ती खाली ठेवेल का, हेही नाही.

काल दुपारी दादाचा परत फोन आला. मी उचलला. मागे कपाटाची दारं उघडत होती… एकामागून एक…

मी पोरीला छातीशी धरून ऐकत राहिले.

मग मागचा आवाज थांबला. माझी पोरगी रडायला लागली होती, आणि ते तिकडे ऐकू गेलं होतं.