एल्याशीबची साक्ष

तल्मोनच्या सरोवरावरचे धुके अजून विरले नव्हते. टेकडीवरच्या रोमी ठाण्याचा बुरूज तेवढा उन्हात आला होता. खाली यहुद्यांच्या सभास्थानाच्या अंगणात जब्दी कोळ्याचे हात खांबाला बांधले जात होते. रोमी शिपायांनी वेठीला धरलेली गावची गाढवे त्याने ठाण्याच्या कुंपणातून सोडून दिली होती.

सभेचा सेवक मल्कीया फटके मारायचा वासराच्या चामड्याचा कोरडा घेऊन उभा होता. सभाप्रमुख एल्याशीबने त्याला निक्षून सांगितले होते, "आपल्या माणसाला आपणच शासन केलं, तर रोमी त्याला हात लावणार नाहीत. ठाण्याच्या शताधिपतीचा शब्द आहे."

वैद्याने जब्दीची छाती, नाडी, बरगड्या तपासल्या आणि एकवीस फटके सोसतील असा निर्णय दिला. त्यावर एकही अधिक नाही, असे नियमशास्त्र सांगते. मल्कीयाने कोरडा उचलला. दहाव्या फटक्याला जब्दी कण्हत म्हणाला, "तुझ्या आईनं तुला फार खाऊ घातलंय रे!"

शेवटचा फटका पडताच मल्कीयाने दोर सोडला, स्वतःची शाल त्याच्या पाठीवर पांघरली आणि शास्त्राप्रमाणे म्हणाला, "ऊठ, भाऊ." शिक्षा भोगलेला माणूस पुन्हा भाऊ होतो. या एका वाक्यासाठीच मल्कीया इतकी वर्षे हे काम करीत आला होता.

कोरडा परत द्यायला तो एल्याशीबच्या दाराशी पोहोचला, तेव्हा आत शताधिपती विचारत होता, "गाढवं सोडणारा माणूस ओळखायचा कसा?"

"पाठ पाहा," एल्याशीब म्हणाला. "वळ ताजे आहेत."

मल्कीयाने हातातल्या कोरड्याकडे पाहिले. एल्याशीबने त्याच्याच हाताने खूण करून घेतली होती.

तो धावत जब्दीच्या झोपडीत गेला. "होडी काढ. पण आधी मला मार."

"वेड लागलं का तुला?"

"रोमी तुला न्यायला येताहेत. त्यांना वळ उठलेली पाठ हवीय. ती मिळाली की सरोवर धुंडाळणार नाहीत. मला एल्याशीबांपुढे नेतील, ते म्हणतील हा तर आमचा सेवक. तोवर तू पलीकडे पोहोचशील. मार!"

जब्दीने डोळे मिटून कोरडा चालवला. मग धुक्यात वल्ह्यांचा आवाज दूर दूर गेला.

शिपायांनी मल्कीयाला फरफटत एल्याशीबच्या अंगणात आणले. "हाच का तो?" शताधिपतीने विचारले.

एल्याशीब पुढे आला. ज्याच्या बारशाला त्याने आशीर्वाद दिला होता, ज्याच्या हाती त्याने सभास्थानाच्या किल्ल्या सोपवल्या होत्या, त्या मल्कीयाच्या डोळ्यांत त्याने क्षणभर पाहिले, टेकडीवरच्या बुरुजाकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "हाच तो."

ठाण्यातल्या चाबकाला हाडांचे तुकडे बांधलेले होते. तिथे ना वैद्य होता, ना मोजणारा. मारणाऱ्याचा हात दुखला, तेव्हाच चाबूक थांबला.

मल्कीया वाचला. पण त्याची पाठ पुन्हा सरळ झाली नाही. हिवाळा सरल्यावर तो काठी टेकत सभेत आला. एल्याशीब उठला, अंगरखा उतरवून खांबापाशी गुडघे टेकून बसला आणि कोरडा पुढे केला.

"एक पाठ दिली नसती, तर त्यांनी गाव जाळलं असतं," तो म्हणाला. "पण खोट्या साक्षीला शिक्षा काय, ते मी जाणतो. मार, मल्कीया."

मल्कीयाने कोरडा हातात घेतला. कितीतरी वेळ तो त्या म्हाताऱ्या, कोऱ्या पाठीकडे पाहत राहिला. मग त्याने कोरडा खुंटीला अडकवला.

"नाही, मालक. मारलं, तर मग तुम्हाला भाऊ म्हणावं लागेल."

काठी टेकत तो दाराकडे निघाला. एल्याशीब खांबापाशी तसाच बसून राहिला. त्याला उठवायला कुणी पुढे झाले नाही.