डोक्याला ताप

वितळलेल्या काचेचा गोळा नळीच्या टोकावर घेऊन मी वळले, तर भट्टीमागून दोन पाय बाहेर आलेले. बुटांसकट.

"कोण आहे तिकडे?"

"एक मिनिट... हलू नका!"

आमच्याच कारखान्यात मलाच 'हलू नका'! तेवढ्यात गोळा ओघळून फरशीवर पडला. सकाळची मेहनत मातीत. पायांचा मालक बाहेर आला. केसांत राख, नाकावर काजळी, आणि डोळे... डोळ्यांचं जाऊ दे.

"हललात ना?" तोच वर म्हणाला.

तो संशोधक होता. बाबांनी त्याला परवानगी दिली होती आणि मला सांगायचं विसरले होते. भट्टीच्या अंगाला तो काळ्या पट्ट्या बसवत होता.

"सौरपट्टी उन्हावर वीज करते ना? ही भट्टीच्या धगीवर करते. एवढी उष्णता नुसती वाया जाते हो!"

"वाया कुठे? माझं डोकं तापतंय की."

तेव्हापासून रोजचा वैताग. "दार किती वेळा उघडता? माझे आकडे डळमळतात."

"मग काच काय फटीतून काढू?"

मी त्याचं नाव 'तापमापक' ठेवलं. त्याला ती स्तुती वाटली! एकदा दोन्ही हात नळीत गुंतले असताना माझ्या कपाळावर बट चिकटली. त्याने बोटाच्या टोकाने हळूच ती बाजूला केली.

"हे काय?"

"तापमान बघत होतो," तो म्हणाला — आणि स्वतःच लाल झाला. त्या दिवशी माझ्या हातून दोन पेले वाकडे झाले. चिडणार कुणावर?

मग वाचनालयाच्या मोठ्या गोल दिव्याचं काम आलं. बाबांचे हात आता थरथरत, म्हणून ते बाजूला स्टुलावर आणि एवढ्या मोठ्या कामाची नळी पहिल्यांदाच माझ्याकडे. दोन दिवे तडकले होते आणि तिसऱ्यापुरतीच काच उरली होती. ती नळीवर घेतली, आणि वीज गेली.

भट्टीला हवा देणारा पंखा थांबला. ज्वाळा बसायला लागली. त्याच्या पट्ट्या गार ठेवणारा पाण्याचा पंपही थांबला. पट्ट्यांची वीज दोघांपैकी एकालाच पुरणार होती.

त्याने पट्ट्यांची वायर पंपाकडे न नेता पंख्याला जोडली. ज्वाळा पुन्हा उठली.

"अहो, पट्ट्या जळतील! उद्या तुमच्या संस्थेची माणसं त्या बघायला येणार आहेत ना?"

"तुम्ही नळी फिरवा!"

टक्... एक पट्टी गेली. टक्... दुसरी.

"कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" मी नळी फिरवत ओरडले. "सगळं पहिल्यापासून करावं लागेल!"

"करीन."

"दुसऱ्या भट्ट्या नाहीत जगात?"

"आहेत. चांगल्या आहेत. शांत आहेत." तो वायरचा सांधा चिमट्यात धरून बसला होता, घामाने निथळत. "पण तिथे माझ्यावर ओरडायला तुम्ही नाही. मला... मला रोज ऐकायचंय हे. जन्मभर."

हीच वेळ सापडली याला! हातात पेटती काच, डोळ्यांत घाम! फुंकायचं सोडून मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"अगं, हो म्हण आणि फुंक!" स्टुलावरून बाबा गरजले. "काच गार होतेय!"

"हो!" मी खेकसले, आणि फुंकले.

दुसऱ्या दिवशी त्याची माणसं आली तेव्हा एकही पट्टी शाबूत नव्हती. पण त्या पट्ट्यांनी भट्टी कशी जगवली, हे बाबांनी त्यांना इतकं रंगवून सांगितलं, की नव्या पट्ट्या मंजूर झाल्या.

होकार इतक्या वैतागून कुणी दिला नसेल. दिवा मात्र एका श्वासात गोल आला.